डोळ्यातली बाहुली

चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची आख्यायिका आपल्याकडे वाघावरच्या स्वारीची आणि चालत्या भिंतीची प्रस्तावना म्हणून सांगितली जाते. भिंत चालू लागली की पत्र मागे पडतं. मला मात्र त्या गोष्टीतला मोठा प्रसंग पत्राचाच वाटत आला आहे. चौदाशे वर्षं योगसाधना केलेला माणूस लेखणी हातात घेतो आणि मायन्यापाशीच अडतो. समोरचा पोरसवदा, म्हणून 'चिरंजीव' लिहावं तर तो ज्ञानानं वडील. 'तीर्थरूप' लिहावं तर वयाचा मान आडवा येतो. शेवटी कागद कोराच धाडला जातो. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, तीच 'चांगदेव पासष्टी'. तिचा विषय आत्मज्ञान. समोरच्याला काय म्हणावं हे ज्याला उमगत नाही, त्याला आपण स्वतः कोण हेही अजून उमगायचं आहे, असं धरूनच जणू ते उत्तर दिलेलं आहे. त्यात आरशाचा दृष्टान्त येतो. आरसा समोर नसला तरी मुख हे मुखच असतं. आरशामुळे पाहणारा आणि पाहिला जाणारा असे दोघे असल्याचा भास तेवढा होतो.

'मी कोण?' आणि त्याच्याच पोटातला 'हे सगळं कशासाठी?' हे प्रश्न माणसानं एकट्यानं, डोळे मिटून सोडवायचे असतात, असा आपला पक्का समज आहे. या प्रश्नांची तत्त्वज्ञानातली आणि साहित्यातली उत्तरं वाचत गेलं की तो समज हळूहळू ढिला होत जातो. जवळजवळ प्रत्येक उत्तर कुणाला तरी दिलेलं आहे. बायकोला, राजाला, देवाला, मेलेल्या मित्राला, पोटच्या मुलाला. कुणीतरी विचारलं, म्हणून माणसाला स्वतःविषयी बोलावं लागलं आणि बोलता बोलता तो स्वतःला सापडला. या लेखात मला त्या विचारणाऱ्यांचा माग काढायचा आहे.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे. मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी बायकांत तो मालमत्तेची वाटणी करायला बसतो. मैत्रेयी विचारते की, धनानं भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तर मी अमर होईन का? नाही म्हटल्यावर तिला ते धन नको असतं, त्याला जे ठाऊक आहे ते हवं असतं. आत्मविद्येचा एवढा मोठा उपदेश घरातल्या वाटणीच्या बोलण्यातून निघाला, हे आपण पुरेसं लक्षात घेत नाही. शिवाय त्या उपदेशात आत्म्याकडे जाण्याची जी वाट सांगितली आहे, तिच्यात श्रवण आधी येतं. मनन आणि निदिध्यासन त्यानंतर. आधी कुणीतरी सांगायला हवं आणि कुणीतरी ऐकायला हवं.

छांदोग्यातली गोष्ट मला याहूनही जवळची वाटते. आत्मा जाणून घ्यायला देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन असे दोघे प्रजापतीकडे जातात. बत्तीस वर्षं राहिल्यावर प्रजापती त्यांना पाण्यानं भरलेल्या पात्रात स्वतःला बघायला सांगतो, मग नटूनथटून पुन्हा बघायला सांगतो. विरोचन आपलं सजलेलं प्रतिबिंब पाहून तृप्त होतो आणि देह हाच आत्मा, असं असुरांना जाऊन सांगतो. इंद्रही निघालेला असतो, पण अर्ध्या वाटेत त्याला शंका येते. देह आंधळा झाला, लंगडा झाला, तर हा आत्माही तसाच व्हायचा. तो परत फिरतो. पुन्हा बत्तीस वर्षं, पुन्हा शंका, पुन्हा बत्तीस, शेवटी आणखी पाच. एकूण १०१ वर्षं. दोघांत फरक बुद्धीचा फारसा नाही. एकानं प्रतिबिंबालाच उत्तर मानलं, दुसरा ते घेऊन विचारायला परत आला. त्या तीन वेळच्या परत येण्यात मला सगळं उपनिषद दिसतं.

ग्रीकांकडेही पाण्याच्या पात्रासारखीच एक प्रतिमा आहे. डेल्फीच्या अपोलोच्या देवळावर स्वतःला ओळखण्याची आज्ञा कोरलेली होती, हे सर्वांना माहीत आहे. सॉक्रेटिसानं त्या आज्ञेचं काय केलं, हे जास्त महत्त्वाचं. तो घरात बसला नाही. अथेन्सच्या राजकारण्यांना, कवींना, कारागिरांना गाठून तो प्रश्न विचारत सुटला, आणि त्यांना तपासता तपासता आपल्याला काय कळत नाही हे त्याला कळत गेलं. प्लेटोच्या नावावर असलेल्या 'अल्किबियाडीस' या संवादात (तो प्लेटोचाच का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे) सॉक्रेटिस विचारतो की, डोळ्याला स्वतःला पाहायचं असेल तर त्यानं कुठे बघावं? दुसऱ्याच्या डोळ्यात, अगदी त्याच्या मधल्या काळ्या भागात, जिथे पाहणाऱ्याचं चिमुकलं रूप उमटतं. ग्रीक भाषेत त्या भागाला 'कोरे' म्हणतात, आणि त्या शब्दाचे दुसरे अर्थ मुलगी आणि बाहुली. मराठीत आपणही तिला बाहुलीच म्हणतो. दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट दिसली. जवळ जाऊन दुसऱ्याच्या डोळ्यात डोकावल्याशिवाय ती बाहुली दिसत नाही, आणि दिसते तेव्हा ती आपणच असतो.

आता एक मोठी शंका. पाहण्यासारखं आत काही आहे, हे कशावरून? हा प्रश्न सर्वांत धीटपणे बौद्धांनी विचारला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भिक्खू नागसेनाला भेटतो. नागसेन म्हणतो, हे नाव केवळ हाक मारण्याच्या सोयीचं आहे, त्यामागे कायमचा कुणी पुरुष नाही. राजा चक्रावतो. मग नागसेन त्याला विचारतो, तू आलास तो रथ कुठला? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू, दोर, साटा यांपैकी काय? यांतलं एकही नाही, आणि यांच्याखेरीज वेगळाही नाही. 'मी'चंही तसंच. नागसेनाचं हे सगळं प्रतिपादन राजा ज्या रथातून आला, त्या रथावर उभं आहे. राजा पायी आला असता तर दृष्टान्त दुसरा शोधावा लागला असता. उत्तर विचारणाऱ्याच्या अंगाबेतानं शिवलेलं असतं, ते असं.

युरोपातल्या आत्मकथनाची सुरुवात बहुतेक जण ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'पासून धरतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला हा ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाला उद्देशून, द्वितीय पुरुषात आहे. त्यात सोळाव्या वर्षी टोळक्याबरोबर केलेल्या नाशपातीच्या चोरीचं प्रकरण येतं. फळं भुकेपोटी चोरली नव्हती, चवीसाठीही नाही. बरीचशी डुकरांपुढे टाकली. मग का चोरली? बराच वेळ स्वतःला खोदल्यावर तो म्हणतो की, एकटा असतो तर चोरली नसती. माणसाच्या पापाची जागा त्याला सोबतीत सापडली, आणि ते पाप कुणाला तरी सांगितल्यावरच सापडली.

माँतेन्य १५७१ मध्ये सार्वजनिक कामातून बाजूला होऊन आपल्या बुरुजातल्या ग्रंथालयात जाऊन बसला, हे चित्र एकांताच्या बाजूनं साक्षीला काढलं जातं. पण त्याच्या 'एसे'मागे एक मेलेला मित्र आहे. एत्येन द ला बोएसी १५६३ मध्ये गेला. पत्रं लिहायला तसा कुणी असता तर मी निबंधांऐवजी पत्रंच लिहिली असती, असं माँतेन्यनं स्वतः नोंदवलं आहे. निबंध हा सगळा साहित्यप्रकार अशा रीतीनं, पत्ता हरवलेल्या पत्रांतून उगवला. मला हे कळलं तेव्हापासून कुठलाही निबंध वाचताना, हा कुणाला लिहिलेला होता, असा प्रश्न आपोआप मनात येतो.

देकार्तचं म्हणणं सर्वांना ठाऊक आहे: सगळ्यावर संशय घेता येतो, संशय घेणाऱ्यावर घेता येत नाही. १६१९ च्या हिवाळ्यातली जर्मनीतली शेकोटीची उबदार खोली आणि तिच्यात एकटा बसलेला तरुण हे आधुनिक तत्त्वज्ञानाचं देवघरच होऊन बसलं आहे. पण १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ त्याला पत्रानं विचारते की, निराकार मन शरीराला हलवतं कसं? तो उत्तर देतो, तिचं समाधान होत नाही, ती पुन्हा विचारते. सहा-सात वर्षं ही पत्रं चालली, आणि मनोविकारांवरचा त्याचा १६४९ चा ग्रंथ त्यातून आला. खोलीत जो 'मी' निर्विवाद वाटला, त्याला शरीर, दुःख, आजारपण असतं हे एका बाईनं पत्रातून विचारत राहून त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

डेव्हिड ह्यूमनं १७३९–४० च्या आपल्या ग्रंथात आत पाहिलं, तर त्याला ऊन, थंडी, राग, आनंद अशा एकेक संवेदना सापडल्या. 'मी' नावाची वस्तू कुठेच नव्हती. नागसेनाचा रथ पुन्हा एकदा, जवळजवळ दोन हजार वर्षांनी, एका स्कॉटिश माणसाच्या हातात. ह्यूम नागसेनाइतका शांत मात्र नव्हता. या विचारानं आपण खिन्न होऊन अंधारात सापडल्यासारखे होतो, आणि मित्रांबरोबर जेवल्यावर, सोंगट्यांसारखा एखादा डाव खेळल्यावर ते मळभ जातं, असं तो लिहितो. काहींना यात विचारवंताची पळवाट दिसते. मला तो त्या ग्रंथातला सर्वांत प्रामाणिक पुरावा वाटतो. ज्याला आत शोधून 'मी' मिळाला नाही, त्याला तो जेवणाच्या टेबलावर, कुणीतरी नावानं हाक मारल्यावर परत मिळाला.

इथं मला अमळनेरला यायचं आहे. खानदेशातल्या या गावी श्रीमंत प्रताप शेठ यांच्या देणगीतून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. देशातले तत्त्वचिंतक तिथे येऊन राहत, अभ्यास करत, वाद घालत. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम' हा ग्रंथ १९३० मध्ये याच संस्थेनं प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात भारतात लिहिलेल्या तत्त्वज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकांत त्याचं स्थान फार वरचं आहे, आणि महाराष्ट्रात ते आज फार थोड्यांना माहीत आहे, याची मला हळहळ वाटते. भट्टाचार्य एका साध्या शब्दापासून निघतात: 'मी'. 'झाड' म्हटलं की बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकच वस्तू कळते. पण मी 'मी' म्हटलं, तर ऐकणारा स्वतःला त्या शब्दात धरत नाही. तो मला धरतो. तोच शब्द तो उच्चारतो तेव्हा त्याचा रोख त्याच्याकडे असतो. म्हणजे या शब्दाचा अर्थ वस्तूसारखा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, तरीही तो समजतो. जो विषय होऊ शकत नाही आणि तरी बोलता येतो, तो विषयी. आणि वस्तुजातापासून पायरीपायरीनं सुटत जाणं हेच त्याचं स्वातंत्र्य. ग्रंथ अवघड आहे, पानं पुन्हा पुन्हा वाचावी लागतात. पण त्याचा पाया बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधल्या एका रोजच्या घटनेत आहे.

याच तत्त्वज्ञान मंदिरात १९२० च्या दशकात पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण शिकायला आला. तत्त्वज्ञानाच्या त्या शांततेत तो रमला नाही. तो त्याच गावातल्या शाळेत शिक्षक झाला, मुलांचा गुरुजी झाला, मग सत्याग्रहात गेला. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. पुस्तकाची रचना सर्वांच्या ओळखीची आहे: आश्रमातले सोबती संध्याकाळी जमतात आणि श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे. आपण कोण, कशानं घडलो, हा प्रश्न त्यांनी तत्त्वज्ञान मंदिरात सोडला नाही; सोबत आणला आणि ऐकणाऱ्यांच्या वर्तुळात मांडला. अमळनेरच्या दोन वाटा म्हणून मी या दोन पुस्तकांकडे पाहतो. त्या एकमेकींपासून दिसतात तितक्या लांब नाहीत.

रमण महर्षींचं नाव घेतल्याशिवाय हा आढावा पुरा व्हायचा नाही, कारण 'मी कोण?' हा प्रश्न त्यांनी साधना म्हणूनच दिला. ते मौनात होते. तिरुवण्णामलैला एक साधक प्रश्न घेऊन आला तेव्हा त्यांनी वाळूवर आणि पाटीवर बोटानं, खडूनं उत्तरं लिहिली. पुढे त्यांचीच पुस्तिका झाली. मौनी माणसाचं उत्तरही विचारणारा आला म्हणून उमटलं. मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचंही तसंच. माळ्यावरच्या छोट्या खोलीत मराठीत झालेली ती प्रश्नोत्तरं मॉरिस फ्रीडमन यांच्या हातून १९७३ मध्ये 'आय अ‍ॅम दॅट' या नावानं इंग्रजीत गेली आणि जगभर वाचली गेली. मराठी घरांत ती त्या मानानं कमी पोचली.

आता 'कशासाठी?' या दुसऱ्या प्रश्नाकडे. हा पहिल्यापेक्षा जास्त जाळणारा आहे. पन्नाशीच्या आसपास, 'युद्ध आणि शांती' व 'अ‍ॅना कॅरेनिना' लिहून झाल्यावर, टॉल्स्टॉयला हा प्रश्न असा डसला की तो घरातला दोर लपवून ठेवू लागला, बंदूक घेऊन बाहेर पडेनासा झाला. हे त्यानं 'कबुली'त सांगितलं आहे. पण मला त्याचं खरं उत्तर १८८६ च्या 'इव्हान इलिचचा मृत्यू' या कथेत दिसतं. मरणाऱ्या न्यायाधीशाभोवती सगळे खोटं बोलतात: बरं वाटेल, औषध घ्या. फक्त गेरासिम हा गडी खोटं बोलत नाही. तो रात्र रात्र त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो, कारण तसं केलं की वेदना कमी होतात. कथेतला अर्थ, असलाच तर, त्या खांद्यावर आहे.

कामूचं मला असंच वाटतं. १९४२ च्या 'सिसिफस'मध्ये दगड ढकलणारा वीर एकटा आहे आणि त्याचं समाधान मला कधी पटलं नाही. १९४७ च्या 'प्लेग'मधले ओराँ शहरातले डॉक्टर आणि स्वयंसेवक पटतात. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकलनं १९४६ च्या पुस्तकात प्रश्नाची दिशाच फिरवली. जगण्याला अर्थ काय, असं आपण विचारायचं नाही; जगणं आपल्याला रोज विचारतं, आणि उत्तर आपण द्यायचं असतं. फ्रँकलचं हे म्हणणं आता फार स्वस्त ठिकाणी उद्धृत होतं. ते छावणीतून आलेलं आहे, हे विसरून वाचलं तर त्यात काही उरत नाही.

इथपर्यंत दुसरा माणूस आरशासारखा आला. पण आरसा नेहमी स्वच्छ नसतो, आणि ही या प्रश्नाची खरी अवघड बाजू. ती मराठीत जितकी सखोल मांडली गेली तितकी फार थोड्या भाषांत गेली असेल.

तुकारामांनी आपल्या आयुष्याची हकीकत अभंगात सांगितली: जात, धंदा, दुष्काळ, दिवाळं, अन्नावाचून गेलेली बायको, पुढे कवित्व. सुरुवातीलाच ते स्पष्ट करतात की, हे सांगू नये, पण संतांनी विचारलं म्हणून सांगतो. त्यांच्या शिष्या संत बहिणाबाई (१६२८–१७००) ब्राह्मण घरच्या. शूद्र गुरू केला म्हणून, कीर्तनात जाते म्हणून नवऱ्यानं मारलं. त्यांनी आपलं आयुष्य अभंगांत सांगितलं, आणि अखेरच्या काळात मुलाला आपले मागचे जन्मही सांगितले. एका बाईनं आपल्या दुःखाला अर्थ कसा दिला, याचा हा थरारून सोडणारा दस्तऐवज आहे. या जन्मीचा मार एकट्या या जन्माचा नव्हता. ती लांबलेली वाट होती आणि ती आता संपत होती. तिला त्या अर्थानं तगवलं.

हाच अर्थ दुसऱ्या हातात बेडी होतो. मागच्या जन्मीच्या कर्मानं तू या जातीत जन्मलास, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला शतकानुशतकं सांगितलं गेलं. त्यानं 'मी कोण?' विचारण्याआधीच गावानं उत्तर देऊन ठेवलेलं होतं. म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) मध्ये आत्मा आणि मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ या दोन्ही गोष्टी ठामपणे बाजूला सारल्या. ज्यांचं माणूसपण नाकारलं गेलं त्यांनी आत्मा न मानणारा धम्म स्वीकारावा, याचं काहींना नवल वाटतं. मला त्यात सरळ तर्क दिसतो. जन्माबरोबर चिकटून येणारा, न बदलणारा असा कुणी 'मी' नसेल, तर गावानं दिलेलं उत्तरही कुठे चिकटणार? मिलिंद राजापुढची रथाची चर्चा इथे येऊन कोट्यवधी माणसांच्या मुक्तीचा प्रश्न झाली.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं. त्याची बांधणी विसरता न येणारी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे एकच माणूस. एक वस्तीतला, जातीनं आणि नावानं दगड ठरवलेला. दुसरा शिकलेला, शहरातला, लेखक म्हणून ओळखला जाणारा. शिकलेल्याला दगडूची लाज वाटते आणि त्याच्यावाचून राहवतही नाही. आपल्या आत ऐकणारा तयार करायला पवारांना स्वतःला चिरावं लागलं, कारण बाहेर तेव्हा ती कहाणी ऐकून घेणारे कान थोडे होते. पंधरा वर्षं आधी, १९६३ च्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकरही पंचविशीत स्वतःची गोष्ट सांगायला बसतो. त्या कादंबरीतल्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं मराठी गद्यातली फार मोठी पानं आहेत. पण पांडुरंगला आपलं सगळं व्यर्थ आहे असं म्हणता येतं, तेवढी मोकळीक त्याच्याकडे आहे. दगडूला आधी आपण आहोत हे म्हणावं लागतं.

बेबी कांबळे यांनी फलटणला छोटं दुकान चालवताना लिहिलं. माल बांधायला आलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रं त्या वाचत, आणि मधल्या वेळात वहीत लिहीत. नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून ते लिखाण त्यांनी जवळपास वीस वर्षं लपवून ठेवलं. फलटणमध्ये राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना ते कळलं, त्यांनी आग्रह धरला, आणि ते छापलं गेलं. पुस्तकाचं नाव 'जिणं आमुचं'. माझं नव्हे, आमुचं. त्यात वीरगावचा महारवाडा आहे, सासरी राबणाऱ्या पोरी आहेत, उपासमार आहे, बाबासाहेबांची भाषणं ऐकून उभ्या राहिलेल्या बायका आहेत. स्वतः बेबीताईंचा संसार त्यात जवळजवळ नाही. इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित यांनी मुलाखतीत त्यांना त्याबद्दल विचारलं. तेव्हा बेबीताईंनी सांगितलं की, नवरा संशय घ्यायचा आणि मारायचा.